सहा नंबरवरचं स्वयंपाकघर

१

गल्लीत त्या दोघींना कोणी नावाने ओळखत नसे. थोरली आणि धाकटी, बस्स. थोरली सहासष्ट वर्षांची, धाकटी एकसष्टची. लग्न दोघींचंही झालं नव्हतं, आणि कोणी तो विषय उकरून काढलाच तर थोरली म्हणायची, "आमच्या धाकटीचं कधीच लागलंय की, त्या सोल्डरिंगच्या दांडीशी."

धाकटीने अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लाइनला कान लावायचा आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं, हे तिचं काम. पाणी शिरलेली केबल कशी कण्हते, सैल जोड कसा चरचरतो, कोणाच्या घरी रिसीव्हर नीट ठेवलेला नाही, हे ती डोळे मिटून सांगायची. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिने घराच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल टाकलं आणि जुने रेडिओ, टेप, वायरलेस सेट दुरुस्तीला घेऊ लागली. नव्या वस्तूंना ती हात लावत नसे. त्यांच्यात दुरुस्त करण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं, असं तिचं म्हणणं.

थोरलीची हयात कापडगिरणीत गेली. मागांच्या खडखडाटाने पन्नाशीच्या आतच तिचे कान पार गेले. आता ती वरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र घेऊन बसायची आणि लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची. "कान गेले, पण तळपाय शाबूत आहेत," असं ती म्हणायची, आणि ते खरं होतं. घरात ती कायम अनवाणी. जिन्यावर कोणी पाय ठेवला की तिला वर बसल्या जागी कळायचं, आणि पावलाच्या वजनावरून माणूसही. बोलणं मात्र तिला समोरच्याच्या ओठांवरून वाचावं लागे. धाकटीला सवय टेबलावर मान घालून बोलायची. मग थोरली मागून येऊन तिच्या खांद्यावर टपली मारायची. "भिंतीशी बोलतेस की माझ्याशी?"

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मास्तर आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, काडीसारखे गृहस्थ. त्यांनी भाजीची चाकांची पिशवी ओढत आणली होती, आणि तिच्यात चादरीत गुंडाळलेला एक जुना सेट होता, हौशी रेडिओवाले घरी बसून दूरदूरच्या लोकांशी बोलतात तसला. सेट त्यांच्या बायकोचा. परवाना तिचा, नादही तिचाच. ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्यांचं मागणं एकच. आतला मेमरीचा सेल बदलायचा, पण मेमरी पुसली जाता कामा नये.

धाकटीने त्यांना समजावलं. सेट बंद असतानाही लक्षात ठेवलेले नंबर जिवंत राहावेत म्हणून आत बटणाएवढा एक सेल असतो. तो गेला की नंबर गेले. त्यात जीव टांगायचं काही कारण नाही. नंबर कागदावर उतरवून घ्यायचे, नवा सेल बसवायचा, नंबर पुन्हा भरायचे. अर्ध्या तासाचं काम.

मास्तर ऐकून घेत होते, पण त्यांची मान मघापासून नकारार्थीच हलत होती.

"नंबर माझ्याकडेही लिहिलेले आहेत, बाई," ते म्हणाले. "हाताने लावले की तिथे काहीच नसतं. मेमरीतून लावले तरच असतं."

म्हाताऱ्या माणसांचे हट्ट धाकटीला नवे नव्हते. ती बरं म्हणाली, आणि पावतीवर तसं लिहून दिलं.

२

दुपारी जेवण झाल्यावर तिने सेट उघडला. आत वीसेक वर्षांची धूळ होती. फुंकर मारून, ब्रशने झाडून तिने बोर्ड मोकळा केला. सेल कोपऱ्यात डकवलेला होता आणि त्याच्या एका पायावर पांढरी बुरशी धरली होती. मीटर लावला. तीनऐवजी दोन पूर्णांक एक व्होल्ट. दोनच्या खाली उतरला की कारभार आटोपला.

सेट लावून तिने मेमरीचे चॅनेल फिरवून पाहिले. एक आणि दोन नंबरवर नुसत्या रेघा, म्हणजे ते आधीच गेले होते. तीन, चार, पाच, सहा शाबूत होते. पुढचे सगळे रिकामे, कधीच न भरलेले.

तिने तीनवर येऊन आवाज वाढवला आणि खरखरीची वाट पाहिली.

खरखर आली नाही.

शांतताही नव्हती. धाकटीने हातातला ब्रश खाली ठेवला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. अठ्ठावीस वर्षं तिने तो ऐकला होता. कोणी रिसीव्हर बाजूला ठेवून उठून जातं, आणि लाइनवर त्या घराची खोली ऐकू येत राहते. खोलीला आवाज असतो. भिंती किती लांब आहेत, छत किती उंच आहे, हे हवेच्या गुणगुणण्यावरून कळतं. ही जागा अरुंद आणि उंच होती. जिना असावा.

तिने एरियलची वायर उपसून काढली. जिना तिथेच राहिला. तिने तोच नंबर हाताने लावला. खरखर आली, जशी यायला हवी तशी. पुन्हा मेमरी, तीन. जिना.

कोणाच्या तरी सेटचं बोलायचं बटण अडकलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. जवळच कुठेतरी. विजेच्या वायरीतूनही असले आवाज शिरतात. कारण शोधायला ती नंतर बसणार होती, आधी तिने चार नंबर लावला. छोटी खोली, खिडकीची एक काच सैल, वाऱ्याने थरथरते. पाचला मोठी खोली, भिंतीवर घड्याळ. सहाला नळ बादलीत ठिबकत होता. भांड्यावर झाकण सरकलं. कोणीतरी ढवळून झाल्यावर चमचा काठावर दोनदा वाजवला, ठक ठक, जसं बायका न बघता करतात.

म्हणजे घरात माणूस होतं. धाकटीला जरा हायसं वाटलं. शेजारपाजारचं कोणीतरी असणार.

ती परत पाचवर आली तेव्हा घड्याळाबरोबर पावलं ऐकू आली. एकेक पाऊल पुरतं टेकत, घाई नसलेलं. ती खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि थांबली. का कोण जाणे, धाकटीने नॉब एक घर पुढे सरकवला.

सहा नंबरवर चमचा थांबला होता. नळाखेरीज काही नाही. झाकण नाही, हालचाल नाही. फक्त कोणीतरी अगदी जवळ श्वास आवरून धरल्यावर खोली जशी होते तशी खोली.

ती पाचवर आली. पावलं वळली आणि लांब गेली. ती सहावर आली. बऱ्याच वेळाने झाकण हळूच सरकलं.

एकाच दाराच्या दोन बाजू होत्या त्या. धाकटीने सेट बंद केला आणि वर जाऊन थोरलीशेजारी उगाचच बसून राहिली.

३

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना बोलावून घेतलं. रागातच. काय प्रकार आहे तो आधी सांगायला हवा होता, असं ती म्हणाली. मास्तरांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, ते असं.

त्यांचं घर रस्तारुंदीत गेलं, त्याला अकरा वर्षं झाली. पाडायच्या आधीच्या आठवड्यात त्यांची बायको हा सेट उचलून खोलीखोलीत नेऊन बसायची. प्रत्येक खोलीत तासभर. मग मेमरीचं बटण दाबायची आणि पुढच्या खोलीत. एक नंबर ओसरी, दोन बैठक, तीन जिना, चार वरची खोली, पाच मधली खोली, सहा स्वयंपाकघर. मास्तरांनी तेव्हा तिची थट्टा केली होती. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर ती दुपारी हेडफोन लावून बसे, आणि काय ऐकतेस म्हटलं तर घर म्हणे. ती गेल्यावर मास्तरांनी पहिल्यांदा स्वतः हेडफोन लावला, तेव्हा सहा नंबरवर ती होती.

"बोलत नाही," मास्तर म्हणाले. "हाकेला ओ देत नाही. पण चमचा तिचाच आहे."

वर्षभर ते रोज दुपारी ऐकत होते. मग एके दिवशी ओसरीवर, एक नंबरला, पावलं आली.

धाकटीने विचारलं, ती तुमची नव्हेत कशावरून? घरात तुम्ही चालत असाल, तेव्हाचं काही राहिलं असेल. हे बोलताना आपण काय बोलतोय याची तिला लाज वाटली, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"माझी चाल मी ओळखत नाही का?" मास्तर म्हणाले. "आमच्या घरात असं कोणीच चालत नव्हतं."

गेल्या उन्हाळ्यात एक नंबर पुसला गेला. पावलं बैठकीत आली. जुना सेल हळूहळू मान टाकत होता. महिन्यापूर्वी दोन नंबर गेला, आणि पावलं जिन्यात, वर, मधल्या खोलीत फिरू लागली. खोल्या कमी होत चालल्या की त्याला तरी जायला जागा कुठली, असं मास्तर म्हणाले. पाचला लागूनच सहा. स्वयंपाकघराला आतून कडी नव्हती. ती बसवायची बसवायची म्हणून चाळीस वर्षं राहूनच गेली.

"मी रोज ऐकतो ते आता तिच्यासाठी नाही. ते आत गेलं नाही ना, एवढंच बघतो."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. माणूस वेडा नव्हता. आणि वेडा असला, तर कालपासून ती त्याच्या पंगतीला बसली होती.

४

जिवंत सेटची मेमरी न घालवता सेल बदलायचा तर एकच मार्ग. जुना सेल काढायच्या आधी त्याच्याच दोन टोकांना बाहेरून तीन व्होल्ट जोडायचे. जोवर नवा बसत नाही तोवर मेमरी त्या उसन्या करंटवर जगते. पेशंटला नळीवर ठेवतात तसं.

गुरुवारी दुपारी तिने तयारी केली. टेबलावरच्या पॉवर सप्लायचा काटा तीनवर आणला. मग वर जाऊन थोरलीच्या समोर उभी राहिली आणि अर्धा तास मशीन, पंखा, काहीही लावू नकोस म्हणून बजावलं. थोरलीने सुई तोंडातून काढली. "कोणाचं ऑपरेशन आहे का?" तिने विचारलं. मास्तर खाली बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून.

दोन बारीक वायरी, लाल आणि काळी. त्या बोर्डाला डकवून झाल्या. सोल्डरिंगची दांडी तापवून तिने तिचा प्लगही काढला, कारण गळक्या करंटचा एक चटका त्या जुन्या चिपला पुरला असता. मग श्वास रोखून जुन्या सेलचे पाय सोडवले.

तेवढ्यात पॉवर सप्लायचा दिवा मंदावला. कुठेतरी मोटर सुरू व्हावी तसा, क्षणभर. करंटचा काटा शून्याला चिकटलेला असायला हवा होता, एवढ्याशा मेमरीला लागतो तरी किती? तो उठला. सावकाश अर्ध्यापर्यंत आला, थोडा थांबला आणि परत खाली बसला.

धाकटीचा हात हलला नाही. विजेचा झटका असेल, ती मनात म्हणाली, आणि पुढचा टाका घातला. नवा सेल बसला. मीटरवर तीन पूर्णांक दोन आले. सगळं मिळून चार मिनिटं.

तीन, चार, पाच, सहा. चारही शाबूत होते. जिना होता, काच थरथरत होती, घड्याळ चालू होतं. सहावर नळ ठिबकत होता, आणि मास्तर हेडफोन लावून बसले तसा चमचा वाजला. ते तासभर एकेक चॅनेल फिरवत राहिले. पावलं कुठल्याच खोलीत नव्हती.

"गेलं," मास्तर म्हणाले. चष्मा काढून त्यांनी टोपीने डोळे पुसले. "बाई, घर रिकामं आहे. ती एकटीच आहे."

चादरीत सेट गुंडाळून ते गेले. धाकटीने त्या लाल-काळ्या वायरी गुंडाळून खणात टाकल्या आणि त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

५

सोमवारी दुपारी थोरली खाली आली आणि टेबलाशी उभी राहिली. वर कोण आलं होतं, असं तिने विचारलं.

धाकटी म्हणाली, कोणी नाही, मी सकाळपासून इथेच आहे. थोरलीने तिचे ओठ नीट वाचले, मान हलवली आणि म्हणाली की जिन्यावरून कोणीतरी गेलं. जड पाऊल नव्हतं. पण पुरतं टेकणारं होतं.

धाकटी वर गेली. दोन खोल्या, एक कपाट, शिवणयंत्र, कपड्यांचा ढीग. तिने कान दिला. लाइनवर द्यायची तसा, सगळं अंग कानात आणून. काही नाही. बाजूच्या घराची आणि यांची भिंत एकच होती आणि तिकडे फरशी बसवायचं काम चाललं होतं. तिने थोरलीला ते समजावून सांगितलं. थोरली हो म्हणाली, पण तिचे तळपाय जमिनीवर असे पसरले होते, जसे आंधळ्याचे हात टेबलावर पसरतात.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. धाकटीला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ऐकणं तर तिचा धंदा होता.

गुरुवारी ती स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. थोरली जिना उतरत होती, हातात कपड्यांची चवड, पायऱ्यांकडे नजर. मधल्या पायरीवर ती थांबली. एका बाजूला सरकून तिने पाठ भिंतीला टेकवली आणि चवड छातीशी ओढून घेतली, अरुंद जिन्यात वर येणाऱ्याला वाट द्यावी तशी. क्षणभर तशीच राहिली. मग पुन्हा मधोमध येऊन खाली उतरली.

धाकटीने विचारलं, थांबलीस का? "थांबले?" थोरली म्हणाली. "गुडघा धरला असेल."

तिला खरंच आठवत नव्हतं. धाकटीच्या हातातल्या तांब्यातलं पाणी मात्र जमिनीवर सांडलं होतं.

त्यानंतर थोरलीने वर कोण आलं होतं हे विचारणं बंद केलं. धाकटीला आधी बरं वाटलं.

६

आठवड्याने मास्तरांचा फोन आला. सेटमध्ये सात नंबर दिसतोय, त्यांनी सांगितलं. त्यांनी भरलेला नाही. बायकोनेही भरला नव्हता. तिथे एक घर आहे, पण त्यांचं नाही. तिथे शिवणयंत्र चालतं.

धाकटीने जास्त विचारलं नाही. थोरलीला समोर उभं राहून सांगितलं की मास्तरांकडे जाऊन येते, दाराला बाहेरून कुलूप घातलं, आणि बस पकडली.

मास्तरांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचा. सेट खिडकीशी होता. मास्तरांनी खुर्ची ओढून दिली. धाकटीने हेडफोन कानांना लावला आणि पहिल्या क्षणाला ओळखलं. थोरलीच्या मशीनचा पट्टा एका जागी शिवलेला होता, दर फेऱ्याला टक् करायचा. खाली टेबलावर तिचं स्वतःचं घड्याळ. मोरीतला नळ. आपलं घर बाहेरून कसं ऐकू येतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

मग मशीन थांबलं.

"आलीस?" थोरली म्हणाली. बहिऱ्या माणसाचा तो मोठा, सपाट आवाज. "बस ना. उभी का?"

धाकटीने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला.

थोडा वेळ काही नाही. "नाही गं, अजून जेवले नाही," थोरली म्हणाली. पुन्हा काही नाही. मग ती हसली. "तुला कसं आठवतं ते?"

एक्स्चेंजमध्ये धाकटीने एका बाजूची बोलणी खूप ऐकली होती. मधल्या जागेत दुसरा माणूस असतो, त्याचा आवाज तेवढा येत नाही. इथेही मध्ये जागा सुटत होती, अगदी मापातली, एक वाक्य मावेल एवढी. त्या जागेत खोलीच्या हवेखेरीज काही नव्हतं. आणि थोरली उत्तरं देत होती. जिला कानाशी ढोल बडवला तरी कळत नव्हतं, जी समोरचे ओठ बघितल्याशिवाय एका शब्दाला उत्तर देत नव्हती, ती वेळच्या वेळी उत्तरं देत होती.

धाकटीने हेडफोन काढला. मास्तरांनी आधीच ऐकलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून उरलेलं त्यांना समजलं.

"माझ्यामुळे झालं हे," ते म्हणाले. "बाई, आत्ता इथेच सेल काढून टाका. सगळं जाऊ द्या."

धाकटीने सेटवर हात ठेवला. तो कोमट होता. तिने नॉब एक घर मागे फिरवला, सहावर. चमचा काठावर दोनदा वाजला. कसली भीती नसलेल्या बाईचा आवाज होता तो. ती काहीतरी शिजवत होती आणि तिला वेळच वेळ होता.

"नको," धाकटी म्हणाली. सेल काढला तर ते तिच्या घरातून जाईल कशावरून? कदाचित इतकंच होईल की कुठल्या खोलीत आहे हे सांगणारंही कोणी उरणार नाही. असं ती मास्तरांना म्हणाली. हे कारण खरं होतं की बहाणा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बससाठी थांबायचा धीर तिला नव्हता. अर्धी वाट ती पळतच आली.

७

कुलूप जसंच्या तसं होतं. थोरली वर मशीनपाशी बसली होती. समोरची खुर्ची, जिच्यावर एरवी शिवायचे कपडे पडलेले असत, ती रिकामी करून तिच्याकडे वळवून ठेवली होती.

थोरलीने मान वर केली आणि तिच्या पायांकडे बघितलं. "घरात चपला कशाला?" ती म्हणाली. "मघाशी तर नव्हत्या."

धाकटी खुर्चीत बसली नाही. ती गुडघ्यांवर बसली, थोरलीचे हात हातात घेतले, आणि अगदी स्पष्ट ओठ हलवत विचारलं की मी मघाशी कुठून आले?

"कुठून म्हणजे? जिन्यातून. आता ही काय परीक्षा?"

मी काय बोलले, धाकटीने विचारलं. थोरलीला वाटलं ही थट्टा करतेय. पण मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा खुलला होता. तू लहानपणच्या घराचं विचारत होतीस, ती म्हणाली. खोल्या किती होत्या, कुठली कशाला लागून होती, आई कुठे झोपायची. मी सगळं सांगितलं. मला वाटलं नव्हतं इतकं लक्षात असेल.

"एक सांगू?" थोरली म्हणाली. "हल्ली दुपारी तू बरी समोर बसून बोलतेस. तोंड हलवतेस तेही नीट. आधी कसं, तुझं तोंड सारखं त्या टेबलाकडे. मी काही बोलले नाही कधी. पण दिवस दिवस जायचा, माझ्याशी कोणी बोललेलंच नसायचं."

धाकटीने तिचे हात घट्ट धरले. तिला रडू आलं, आणि ते भीतीचं होतं की शरमेचं, हे थोरलीला ओठांवरून वाचता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने दारावर पाटी लावली, दुरुस्ती बंद. घर सोडायचं तिने सुचवून बघितलं, पण थोरली म्हणाली की या वयात नव्या जमिनीची ओळख करून घ्यायला माझ्या पायांना जमायचं नाही. मग धाकटीने एकच ठरवलं. ती खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही. जेवण झालं की ती वर जायची, थोरलीच्या समोर बसायची, आणि उन्हं उतरेपर्यंत बोलायची. एक्स्चेंजमधल्या गमती, गिरणीतल्या मैत्रिणी, कोणाचं कोणाशी जमलं होतं. तीस वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं, ते संपत नव्हतं. थोरली पोट धरून हसायची. जिना स्वस्थ होता. भिंतीला पाठ टेकवून कोणी कोणाला वाट देत नव्हतं.

पाचव्या दिवशी मास्तरांचा फोन आला.

त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. त्यांनी सांगितलं की त्यांनी स्वतः सेटचं झाकण उघडलं आणि चिमट्याने सेल उपटून काढला. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी लावून बघितलं तर सगळीकडे रेघा. सात नाही. सहाही नाही.

"तुम्ही हो म्हणाला नसतात, म्हणून विचारलं नाही," ते म्हणाले. "तुमची बहीण जिवंत आहे, बाई. आमच्या हिचं काय, हिचं झालंच होतं. आता तुमच्याकडे ठीक आहे ना?"

धाकटी हो म्हणाली. चार दिवस सगळं शांत आहे, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं. मास्तर बरं म्हणाले. फोन ठेवायच्या आधी ते थोडा वेळ थांबले. रिसीव्हरमधून त्यांची खोली ऐकू येत होती. तिच्यात काहीसुद्धा नव्हतं.

८

त्या दुपारी धाकटी वर गेली तेव्हा तिला मास्तरांचं थोरलीला सांगायचं होतं. सगळंच सांगायचं होतं, पहिल्यापासून, आता भ्यायचं कारण उरलं नव्हतं म्हणून. खिडकीतून ऊन येऊन मशीनवर पडलं होतं. थोरलीने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि नेहमीसारखी तिच्या चेहऱ्याकडे नजर लावून बसली.

धाकटीने सुरुवात केली. सेट कसा आला, सेल कसा बदलला, चार मिनिटं ते सगळं आपल्या घराच्या करंटवर कसं जगलं. ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द ओठांवर नीट घडवत. थोरलीच्या कपाळावर आठी पडली होती. ती मन लावून वाचत होती.

मध्येच तिची नजर सरकली. धाकटीच्या खांद्यावरून मागे गेली, दाराकडे, माणसाच्या उंचीवर, आणि तिथे थांबली. ती नुसती बघत नव्हती. तिचे डोळे बारीक होऊन किंचित हलत होते, ओठ वाचताना हलतात तसे.

मग ती ओळखीचं हसली आणि तिने हात जरासा वर केला.

"थांब गं," ती दाराकडे बघून म्हणाली, "आधी हिचं होऊ दे."